जमिनीवरचे व्याही

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात एकदाही विमान चालवलेले नाही, एकदाही विमानात बसून प्रवास केलेला नाही, आणि तरीही गेली सहा वर्षे आमच्या दोन्ही घरांतली कोणतीही वस्तू, वाहन अथवा व्यक्ती त्यांच्या परवानगीवाचून जमीन सोडू शकत नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. चौतीस वर्षे नगरच्या एका शाळेत भूमिती शिकवल्यामुळे सिद्धतेवाचून विधान करण्याची मला सवय नाही. तेव्हा आधी पक्ष, मग सिद्धता, आणि तोवर माझी अब्रू शिल्लक राहिलीच तर निष्कर्ष, अशा क्रमाने मी जाणार आहे.

पक्ष असा. व्याही, म्हणजे माझ्या मुलीचे सासरे, मूळचे राहुरीकडच्या एका खेड्यातले. मिसरूड फुटण्याच्या वयात ते हवाई दलात भरती झाले, ते विमान उडवायला नव्हे, तर उडणाऱ्या विमानांची जमिनीवरून काळजी घ्यायला. एकाहत्तरच्या युद्धात ते पश्चिम सरहद्दीजवळच्या एका तळावर फिटर होते. तळ कोणता, हे ते आजही सांगत नाहीत. अर्धे शतक उलटून गेले, शत्रूला तो तळ त्या वेळीही ठाऊक होता, त्याने तिथे बॉम्बही टाकून पाहिले. परंतु सांगायचे नाही असे एकदा ठरले म्हणजे सांगायचे नाही. मी एकदा नकाशा पुढे पसरून, शिक्षकी कावा करून, "डिसेंबरात इकडे थंडी फार असते का हो?" असे बोट ठेवून विचारले. व्याह्यांनी नकाशाची मूळच्या घडीवर घडी घातली, तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मास्तर, थंडी काय, सगळीकडंच असती." युद्धाचे वर्णन करा म्हटले, तर ते चार क्रियापदांत आटोपतात. "आमची लढाई म्हंजी काय? पुसायचं, भरायचं, मोजायचं, अन् वर बघत बसायचं." ही चारही कामे त्यांनी निवृत्तीनंतर भिंगारच्या घरात तितक्याच निष्ठेने चालू ठेवली आहेत.

त्यांच्या घरात शिरताच समोर एक काळी फळी दिसते. फळीवर प्रत्येक हत्याराची पांढऱ्या रंगाने बाह्याकृती काढलेली आहे आणि त्या त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेले आहे: पाने, पकडी, हातोडी आणि उंचीप्रमाणे लावलेले सहा पेचकस. हेतू असा, की एखादे हत्यार जागेवर नसले तर त्याची पांढरी आकृती उघडी पडावी आणि डोळ्यांत खुपावी. तळावर ही फळी पूर्ण भरलेली दिसल्याखेरीज विमानाला हात लावू देत नसत. कारण आत विसरलेला एक पेचकस विमान पाडायला पुरेसा असतो. रचना निर्दोष आहे, आणि भूमितीचा माणूस म्हणून मला ती मनापासून आवडते. फक्त व्याह्यांनी ती स्वयंपाकघरातही नेली. तिथल्या फळीवर उलथने, चिमटा, झारा, पळी आणि रवी यांच्या आकृत्या आहेत, आणि रवीची आकृती तर इतकी सुबक आहे की ती पाहून ताक प्यावेसे वाटते. विहीणबाई या साऱ्याकडे शांतपणे पाहतात. "लगीन होऊन आले तवा पयल्याच दिवशी ह्यांनी मला फळी दाखवली," त्यांनी एकदा माझ्या पत्नीला सांगितले. "मला वाटलं, सवतच हाय. पर बरी निघाली बिचारी. कदी उलटून बोलली न्हाई." यावर व्याही म्हणाले, "अन् कदी जाग्यावरनं हाललीबी न्हाई." विहीणबाईंनी उलथने मुद्दाम चिमट्याच्या आकृतीवर अडकवले आणि त्या बाहेर निघून गेल्या. व्याही अर्ध्या मिनिटात उठले.

या गृहस्थांशी सोयरीक जुळली तेव्हा वरपक्षाची मागणी काय असेल, या विवंचनेत आम्ही मंडळी होतो. मागणी एकच निघाली, आणि तीही लग्नाच्या दिवशी सकाळी. धावपट्टीवरचा एखादा खडा इंजिनाने आत ओढला तर विमान जाते, म्हणून तळावर रोज उजाडताच सर्व माणसे खांद्याला खांदा लावून एका रांगेत धावपट्टीवरून चालत आणि दिसेल तो खडा, खिळा, तारेचा तुकडा उचलत. व्याह्यांनी कार्यालयासमोरचे मैदान पाहिले आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांची तशीच एक रांग लावली. बुद्धवंदनेची वेळ जवळ आलेली, सर्वांच्या अंगावर पांढरेशुभ्र कपडे, आणि माझे बँकेत अधिकारी असलेले मेहुणे वाकून वाकून खडे वेचताहेत, असे ते दृश्य होते. मला सतरा खडे सापडले. ही संख्या मी मुद्दाम नोंदवतो, कारण व्याह्यांनी ते मोजून घेतले आणि "मास्तर, पयल्या दिवसाच्या मानानं वाईट न्हाई," असे म्हटले. चौतीस वर्षे मी इतरांना शेरे दिले. त्या दिवशी मला शेरा मिळाला आणि, खोटे कशाला बोलू, वंदनेला उभा राहिलो तेव्हा मी काहीसा फुगलेला होतो.

आता लाल फितींविषयी. विमान उभे असताना त्याचे काही भाग हलू नयेत म्हणून त्यांत पिना खोचून ठेवतात आणि प्रत्येक पिनेला लाल फीत असते. उड्डाणापूर्वी जमिनीवरचा माणूस त्या पिना काढतो आणि हात उंच करून वैमानिकाला दाखवतो. वैमानिक त्या आतून मोजतो, अंगठा वर करतो, आणि मगच विमान हलते. व्याह्यांनी शिवणयंत्रावर स्वतः फिती शिवून त्या स्कूटरला, पाण्याच्या मोटारीला आणि गॅसच्या बटणाला लावल्या आहेत. मी निवृत्तीनंतर जुनी छोटी मोटारगाडी घेतली, तेव्हा तिलाही चार मिळाल्या: दोन चाकांखालच्या लाकडी ठोकळ्यांना, एक इंजिनाच्या झाकणाला, एक पेट्रोलच्या झाकणाला. त्यांच्या फाटकातून गाडी काढायची म्हणजे आधी ते समोर उभे राहून चारही फिती वर धरणार, मी काचेतून मोठ्याने "चार" म्हणणार, अंगठा दाखवणार, आणि मग ते दोन्ही हातांनी खुणा करत मला रस्त्यापर्यंत नेणार. शेजारचे लोक हे पाहायला चहा घेऊन कट्ट्यावर येतात. या ठिकाणी सांगितले पाहिजे, की वाहनपरवान्याच्या परीक्षेत मी दोनदा अनुत्तीर्ण झालो होतो. परीक्षक माझाच जुना विद्यार्थी होता, आणि त्याने मला अगदी न्यायाने नापास केले. मागे सरळ रेषेत जाणे, ही रेषा फळ्यावर इतकी वर्षे काढूनही, मला जमले नव्हते. तेव्हा गाडी मी चालवतो असे म्हणण्यापेक्षा व्याही ती सोडतात आणि मी आत असतो, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

इथवर पक्ष झाला. सिद्धता एकाच सकाळची आहे.

माझी मुलगी राहुरीच्या विद्यापीठात कोरडवाहू ज्वारीच्या मुळांवर पाच वर्षे संशोधन करत होती. तिच्या पीएच.डी.ची खुली तोंडी परीक्षा सकाळी अकरा वाजता ठरली. माझ्या वडिलांनी आयुष्यभर सहीच्या जागी अंगठा उठवला. त्यांच्या नातीला त्या दिवशी डॉक्टर म्हणणार होते. शिवाय तिने आदल्या दिवशी जावयांबरोबर राहुरीला निघताना मला सांगितले होते, "नाना, पहिल्या रांगेत बसा. तुम्ही समोर दिसलात की मला घाबरायला होत नाही." मी तिला आश्वासन दिले. चौतीस वर्षांत मी एकही तास उशिरा घेतला नव्हता. हा तर माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा तास होता. भिंगारहून राहुरी तासाभराची वाट. मी वेळापत्रक केले, त्यात विळद घाटातल्या उसाच्या ट्रॅक्टरांसाठी पंधरा मिनिटे आणि माझ्या गाडी चालवण्यासाठी आणखी वीस मिनिटे धरली, आणि पत्नीसह साडेआठला व्याह्यांच्या दारात हजर झालो; तिथून आम्ही चौघे माझ्या गाडीने निघणार होतो.

व्याह्यांनी गाडीचे तोंड उघडून तेल-पाणी पाहायला घेतले. मी ओसरीत बसलो होतो. माझ्या चष्म्याची दांडी सैल झाली होती, म्हणून फळीवरचा सर्वांत धाकटा पेचकस घेऊन मी तिचा स्क्रू आवळला. नऊ वाजता व्याही हात पुसत आत आले, फळीसमोर उभे राहिले आणि थांबले. सहाव्या पेचकसाची पांढरी आकृती रिकामी होती.

"गाडी बंद," ते म्हणाले. "कुनी कुटं जायाचं न्हाई."

"अहो, पण अकरा वाजता..."

"मास्तर, मी आत्ता इंजनात हात घातला हुता. बारका पेचकस आत ऱ्हायला असला अन् पंख्यात गेला, तर घाटात काय करनार? भूमिती?"

लक्ष देऊन वाचणाऱ्या विद्यार्थ्याला पेचकस कुठे आहे हे आतापर्यंत कळले असेल. मला कळले नव्हते. चष्म्याची दांडी घट्ट झाली त्या क्षणी तो विषय माझ्या लेखी संपला होता. उलट शोधमोहिमेचे नेतृत्व मीच स्वीकारले. घराचे मी चार समान भाग पाडले. प्रत्येकाला एक भाग वाटून दिला. शोध नेहमी घड्याळाच्या दिशेने करावा, उचललेली वस्तू पूर्ववत ठेवावी आणि एकदा पाहिलेली जागा पुन्हा पाहू नये, अशा सूचना दिल्या. व्याही गाडीखाली उताणे पडून इंजिनाच्या कप्प्यात बॅटरी मारून पाहत होते आणि मी त्यांच्या पायांजवळ उभा राहून, वस्तू हरवत नसते, तिच्यावरचे आपले लक्ष हरवते, या विषयावर बोलत होतो. सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. माझी पत्नी रिक्षाने पुढे जाऊ म्हणाली. तिला मी शिस्तीचे महत्त्व सांगितले. पावणेदहाला माझाही धीर सुटला आणि मी व्याह्यांवर आवाज चढवला. "एका पेचकसासाठी तुम्ही माझ्या मुलीला एकटी उभी करणार आहात! युद्ध संपून पन्नास वर्षे झाली, व्याही!"

व्याही गाडीखालून बाहेर आले. त्यांच्या कपाळाला काळे लागले होते. तेवढ्यात उंबऱ्यात उभ्या असलेल्या विहीणबाई माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "मास्तर, एक इचारू का? तुमच्या खिशाला रोज चार पेना असत्यात. निळा, काळा, लाल, हिरवा. आज पाच कशा?"

हातात लांबट, बारीक असे काहीही आले, की काम होताच ते छातीवरच्या खिशात खोवायचे, ही खडू आणि पेन यांच्या सहवासात जडलेली सवय. मी खिशाकडे पाहिले. हिरव्या पेनाशेजारी, टोक खाली आणि मूठ वर अशा अत्यंत व्यवस्थित स्थितीत, सहावा पेचकस उभा होता. घराचे चारही भाग मी तपासून घेतले होते. फक्त तपासनीसाचा खिसा कोणत्याच भागात मोडत नव्हता.

व्याह्यांनी हात पुढे केला. पेचकस घेतला, फडक्याने पुसला, आकृतीवर टांगला आणि म्हणाले, "कम्प्लीट." मग त्यांनी गाडीच्या फिती काढल्या, समोर जाऊन वर धरल्या. मी "चार" म्हणालो. तो शब्द इतका लहान यापूर्वी कधी निघाला नव्हता.

घाटात ट्रॅक्टर भेटलेच. सव्वाअकराला आम्ही पोहोचलो तेव्हा सभागृहाचे दार लागले होते. बाहेरच्या शिपायाने नम्रपणे सांगितले, की परीक्षा सुरू झाल्यावर दार उघडायचे नाही असा नियम आहे. नियम योग्य होता. मी स्वतः तो आयुष्यभर पाळला होता, आणि उशिरा आलेल्या किती मुलांना बाहेर उभे केले याची मोजदाद नाही. दोघी बायका बाकावर टेकल्या. दाराला धुरकट काच होती. आतून मुलीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी दारापाशी जात होतो, परत येत होतो, काचेला कान लावत होतो.

"मास्तर," व्याही म्हणाले, "एका जाग्यावर उभं ऱ्हावा. वरनं बघनाऱ्याला दिसाया पायजे, की आपलं मानूस हितं हाय."

ते स्वतः काचेसमोर चार हात अंतरावर ताठ उभे होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने म्हणालो, "व्याही, मघाशी मी बोललो ते..."

"सोडा ओ. बाप बोलला त्यो." दारावरची नजर न काढता ते म्हणाले, "एकदा चार गेल्ती. तीन आली. चौथ्याच्या फिती माझ्या हातात. सायबानं आतनं मोजल्या हुत्या, अंगठा दावला हुता, हासला हुता. अंधार पडस्तवर उभा हुतो. मंग आत गेलो अन् फळी मोजली. भरलेली हुती. परत मोजली. भरलेलीच."

"म्हणजे तुमची काही चूक नव्हती."

"न्हवती. म्हनून तर आज पन्नास वर्सं ताठ उभा हाय. फळी भरलेली असली म्हंजी इमान येतंच आसं न्हाई, मास्तर. पर फळी रिकामी असती, तर मी काय केलं आसतं?"

वर्गातून बाहेर गेलेल्या मुलांचे पुढे काय झाले हे शिक्षकाला कधी दिसत नाही. तो तिथेच फळा पुसत राहतो. हा विचार मला चौतीस वर्षांत सुचला नव्हता, तो त्या दाराबाहेरच्या व्हरांड्यात सुचला, आणि सुचताच मी हलायचा थांबलो.

साडेबाराच्या सुमाराला आतून टाळ्या ऐकू आल्या. दार उघडले आणि मुलगी बाहेर आली. व्याह्यांनी दोन्ही हात डोक्यावर उचलले, आणि धावपट्टीवरून विमान जागेवर आणावे तशा खुणा करत ते तिला बोलवू लागले: सरळ, आणखी थोडी, जराशी डावीकडे. त्या घरात चार वर्षे काढलेली माझी मुलगी, नुकतीच डॉक्टर झालेली, प्राध्यापकांच्या देखत त्या खुणांप्रमाणे चालत आली आणि त्यांनी मनगटे एकमेकांवर ठेवताच थांबली.

"कम्प्लीट?" व्याह्यांनी विचारले.

"कम्प्लीट, बाबा."

मग ती माझ्याकडे वळली. मी वेळापत्रक, ट्रॅक्टर, पेचकस असे काहीतरी क्रमवार सांगू लागलो. तिने मला थांबवले. "पहिल्या रांगेत तुमची जागा रिकामी दिसली, तेव्हा मी अडखळतच सुरुवात केली, नाना. मग दाराच्या काचेवर दोन आकृत्या दिसल्या. एक सारखी हलत होती, ती तुमची. मी दोन मोजल्या आणि न अडखळता बोलायला लागले."

"पण आत नाही ना येता आले..." मी म्हणालो.

"आपन भाईरच आसतो, मास्तर," व्याही म्हणाले, आणि चहा कुठे मिळतो ते शिपायाला विचारायला गेले.

त्यानंतर विहीणबाईंनी माझ्या तीन सदऱ्यांच्या खिशांवर पांढऱ्या दोऱ्याने चार पेनांच्या बाह्याकृती शिवून दिल्या. मी ते सदरे घालतो. लोक विचारतात, मी सांगत नाही. काही गोष्टी सांगायच्या नसतात, हे मी व्याह्यांकडूनच शिकलो.

गेल्या वर्षी मुलीला आणि जावयांना दूरच्या शहरात नोकरी लागली. दर सुट्टीला ती दोघे येतात आणि भिंगारच्या फाटकातून परत जातात. व्याह्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, डोळ्यांतही मोतीबिंदू उतरला आहे; म्हणून ते फाटकाशी खुर्ची टाकून बसतात आणि फिती वर धरायचे काम माझ्याकडे आले आहे. मी त्या धरतो, जावई आतून मोजतात, अंगठा दाखवतात, आणि गाडी वळणाआड जाते.

"गेली का?" व्याही विचारतात.

"गेली."

"किती?"

"दोन."

मग मी त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढतो. पोहोचल्याचा फोन यायला संध्याकाळ होते, आणि तोवर आम्हा दोघांपैकी कोणी आत जात नाही. विहीणबाई चहा तिथेच आणून देतात. फिती माझ्या हातात असतात, आणि अधूनमधून, मान न वळवता, मी त्या मोजून पाहतो.